कोरी फेरी

"अहो, बंद करा ना ते. केव्हाची शिट्टी वाजतेय," बायको म्हणाली आणि हातातलं ओलं फडकं झटकत बाल्कनीकडे गेली. एवढंच. दचकावं असं त्यात काही नव्हतं. सुट्टीची सकाळ होती, चहाचा दुसरा कप अर्धा राहिला होता, आणि तो आपल्या खुर्चीत बसला होता. खुर्ची म्हणजे दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर मांडलेली, जिच्या पायांच्या खुणा फरशीवर करून ठेवल्या होत्या आणि झाडताना जी हलवायची घरात कुणाची छाती नव्हती, ती. गाणं लागलेलं नव्हतं. एक संपलं होतं आणि दुसरं लावायचा कंटाळा आला होता. यंत्रं नुसती चालू होती. गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा, की यंत्राची पारख गाणं वाजताना होत नाही, थांबल्यावर होते. पाहुणे यायचे असले की सगळ्यांचीच घरं नीटनेटकी असतात. तर अशी ही त्याने स्वतःच्या हातांनी जमवलेली शांतता, आणि तिच्यात बायकोला शिट्टी ऐकू येत होती.

त्याने श्वास धरला. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. उठून डाव्या स्पीकरच्या जाळीला जवळजवळ गाल लावला. जाळीवरची धूळ नाकात जाऊन शिंक आली, तेवढीच काय ती ऐकू आली. "कसली शिट्टी?" त्याने विचारलं. "बारीक आहे. सुई टोचल्यासारखी." "आत्ता येतेय?" "आत्ता येतेय, काल येत होती, परवा येत होती." "मग आधी बोलली का नाहीस?" यावर बाल्कनीतून उत्तर आलं नाही, किंवा आलंही असेल. ती हल्ली पुटपुटायची. वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तिच्या बोलण्याच्या कडाच झिजल्या होत्या. शब्द यायचा, पण 'सात' म्हणाली की 'आठ' हे दोनदा विचारावं लागायचं. तोंड उघडून बोलत जा, असं त्याने तिला चारदा सुनावलंही होतं. तिने ऐकून घेतलं होतं. बायको ऐकून घेते म्हणजे तिला पटलं, असं मानून चालणाऱ्या नवऱ्यांपैकी तो होता.

दुकानात त्याला नावाने कुणी हाक मारायचं नाही. मालकापासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत सगळे 'कान' म्हणत. कानांना विचारा, कान उद्या येतील, कान म्हणतील ती पूर्व दिशा. लोकांच्या घरी गाण्याची यंत्रं बसवायची आणि ती नीट बसली की नाही याचा शेवटचा शब्द द्यायचा, हे त्याचं काम. मोजायची उपकरणं दुकानात होती, पण त्यांच्यावर त्याचा फारसा जीव नव्हता. तो गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, आवाज कसा येतो ते एका शब्दात सांगा. माणसं लाजायची, मग सांगायची. घरघर म्हणाली की अर्थिंग दोन ठिकाणी जोडलं गेलंय. टक्क म्हणाली की फ्रिज. चरचर म्हणाली की दिवा मंद करायचं फिरतं बटण. आणि सुई म्हणाली, डास म्हणाली, शिट्टी म्हणाली, की डिजिटलच्या वाटेने काहीतरी आत शिरलंय. हे सगळे शब्द एकाच कुळातले. त्यामुळे बायकोने सुई म्हटल्याबरोबर दोष कुठल्या गावचा ते त्याने ओळखलं होतं. फक्त त्या गावची हाक त्याच्यापर्यंत येत नव्हती.

हे डिजिटलचं प्रकरण पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ यायचे. माणसं म्हणायची, एक म्हणजे एक आणि शून्य म्हणजे शून्य, त्यात विजेची घाण मिसळणार कशी? त्यांचं बरोबरच होतं. कॉम्प्युटरातून गाणं निघतं ते एक-शून्यांची रांग होऊन, आणि वाटेत त्या रांगेतला एकही आकडा सहसा बदलत नाही. पण ज्या तारेतून रांग येते त्याच तारेला धरून चार्जरांची, दिव्यांची, घरभरच्या स्वस्त ॲडॉप्टरांची फुरफुरही चालत येते. आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी डबी असते तिथे पोचली की ती हातपाय पसरते. डबीतलं घड्याळ थरथरतं, किंवा ती सरळ ॲम्प्लिफायरमध्ये घुसते आणि गाण्याच्या मागे जाऊन बसते. तो पोस्टमनचा दाखला द्यायचा. पत्रातलं अक्षर एक बदललेलं नसतं, पण पोस्टमनच्या चपलांचा चिखल तुमच्या दारात येतोच की नाही? लोक हसायचे आणि त्यांना पटायचं. वर्षानुवर्षं तोच दाखला आणि तेच हसू. हल्ली तो देताना त्यालाच जांभई यायची. गाडीतून परतताना त्याला वाटायचं की आपण आता फक्त चपला झालोय, पत्र केव्हाच कुणीतरी दुसऱ्याने पोचवलंय.

उद्या त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. ते मनातून काढून टाकायला तर तो आज खुर्चीत येऊन बसला होता. मागच्या महिन्यात त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्याने सगळं नवंकोरं बसवून दिलं होतं. शेवटची तार जोडली, गाणं लावलं, थांबवलं, आणि जिन्यात बसलेली त्यांची शाळकरी मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "काका, हे कोण किंचाळतंय?" बाई कसनुशा हसल्या. म्हणाल्या, मलाही काहीतरी बारीक टोचल्यासारखं वाटतंय, पण आमचा दिवसभर त्या ड्रिलशी संबंध, माझेच कान वाजत असतील. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि त्याला शांतता ऐकू आली. मऊ, भरलेली शांतता. हल्ली सगळीच यंत्रं त्याला अशी मऊ लागायची आणि नवीन माल सुधारला म्हणून तो गिऱ्हाइकांपाशी त्यांची तारीफ करायचा. मग रीत म्हणून त्याने बाईंची फेरी घेतली, आणि त्या फेरीतच ते घडलं होतं, जे आठवलं की त्याला खुर्चीतल्या खुर्चीत कूस बदलावीशी वाटायची.

फेरी म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने नजरेआड जाऊन घरातले एकेक प्लग काढत हाक द्यायची, आता? खुर्चीतल्याने म्हणायचं, आहे. ज्या प्लगला 'गेला' असं उत्तर येईल तो चोर. पण ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला त्याने यात एक मेख मारून ठेवली होती. मध्येच एकदा काहीही न काढता हाक द्यायची. ती कोरी फेरी. कोऱ्या फेरीला माणूस 'गेला' म्हणाला की ओळखायचं, याला आवाज ऐकू येतच नव्हता, भास होता. माणसाला जे हवं असतं ते त्याला ऐकू येतं, म्हातारा म्हणायचा, विशेषतः पैसे मोजून झाल्यावर. कोऱ्या फेरीने त्याने भल्याभल्यांना पकडलं होतं. अंगठ्याएवढी जाड तार आणून गाण्यात पहाट उगवली म्हणणाऱ्या एका गृहस्थांची तार तर त्याने जोडलीच नव्हती. गृहस्थ पहाट ऐकत राहिले होते. दुकानात तो किस्सा अजून चालायचा.

डॉक्टरीणबाई मात्र कोऱ्या फेरीला म्हणाल्या होत्या, "आहे हो. अजून आहेच." म्हणजे त्या पास झाल्या होत्या. नियमाने आवाज खरा होता. आणि तरी त्याने हत्यारांची पेटी मिटली, हात पुसले आणि सांगितलं, "बाई, यंत्र शांत आहे. भास असतो, चार दिवसांत जाईल." तिथून निघताना जिन्यातल्या मुलीकडे त्याने पाहिलं नव्हतं. चार दिवस गेले, आठ गेले, बाईंचा दुकानात फोन आला, मग पुन्हा आला. काल मालक म्हणाला, "सोमवारी शेवटचं जाऊन या. तुम्ही शांत आहे म्हणालात ना, की विषय संपला. मी बाईंना हात जोडून मोकळा. कान म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?" मालकाने हे इतक्या विश्वासाने म्हटलं की त्याने नुसती मान हलवली. उद्या पुन्हा त्या खुर्चीत बसायचं होतं, डोळे मिटायचे होते, आणि काहीतरी म्हणायचं होतं.

"ये जरा इकडे," त्याने बायकोला हाक मारली. "बस इथे." ती हात पुसत आली आणि खुर्चीकडे बघत राहिली. "मी? इथे?" "तुला ऐकू येतंय ना? मग तूच बस." ती कडेकडेने बसली, बँकेत साहेबासमोर बसतात तशी. इतक्या वर्षांत ती या खुर्चीत कधी बसली नव्हती हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. तिला कुणी मनाई केली नव्हती. पण तिची गाणी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची, डावा खांदा चौकटीला टेकून, आणि त्यालाही वाटायचं की तिला तिथूनच आवडतं. "मी आत एकेक प्लग काढतो," तो म्हणाला, "हाक दिली की आहे किंवा गेली, एवढंच सांगायचं. बाकी गप्पा नकोत." "गप्पा कोण मारतंय," ती म्हणाली.

फ्रिज काढला. "आता?" "आहे." मोबाइलचा चार्जर. "आता?" "आहे." पलंगामागचा दिवा, इस्त्रीच्या टेबलाखालचं एक्स्टेंशन, इंटरनेटची डबी. गुडघ्यांवर बसायचं, हात आत घालायचा, जळमटं तोंडावर घ्यायची, प्लग उपटायचा आणि ओरडायचं. आहे. आहे. आहे. तिचा आवाज भिंतीपलीकडून सपाट येत होता, आणि तो ऐकता ऐकता त्याला तो पहिल्यांदा ऐकला तो दिवस आठवला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दूरच्या गावचा फोन लावायचा तर आधी हिच्याशी बोलावं लागायचं. "नंबर बोला. थांबा. हां, बोला, लाइनवर आहेत." एवढ्या चार शब्दांवर तो भाळला होता, कारण त्या चार शब्दांत कुठेच खरखर नव्हती. लग्नानंतर ती एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायची. उचललेल्या लाइनचं नि न उचललेल्या लाइनचं मौन वेगळं असतं, पलीकडे माणूस आहे का हे त्याने तोंड उघडायच्या आधी कळतं, असं म्हणायची. लाइन जुळली की ऑपरेटरने आपला कान काढून घ्यायचा, हा तिथला पहिला धडा. ऐकत राहणारी मुलगी नोकरीत टिकत नसे. आणि एक मुलगा होता, रोज संध्याकाळी एकाच घरचा नंबर मागायचा. पलीकडची मुलगी ऑपरेटरलाच सांगायची, ताई, मला बोलायचं नाही, काहीही सांगा त्याला. मग ही त्याला सांगायची, "एंगेज आहे." महिनोन् महिने सांगितलं. "अगं, खोटं बोलायचीस?" त्याने तेव्हा हसत विचारलं होतं. "खोटं कसलं," ती म्हणाली होती, "त्याला एक दिवस झोप लागावी म्हणून." पुढे यंत्रं आली, नंबर आपोआप लागायला लागले, एक्स्चेंज बंद पडलं. तिचा आवाज घरात आला आणि घरापुरता राहिला. नवराबायकोत काय बोलायचं असतं रोज? दूध आलं? आलं. जेवणार? हो. बिल भरलं? भरलं. एक, शून्य, एक. निरोप सगळे पोचत होते, एकही अक्षर वाटेत हरवत नव्हतं.

"आता?" कॉम्प्युटरच्या पडद्याचा प्लग हातात धरून तो ओरडला. "आहे." त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. घरातलं काढण्यासारखं संपत आलं होतं. टीव्हीच्या मागे तो पालथा पडला, हात लांबवला, टीव्हीचा प्लग बोटांना लागला, आणि त्याने तो काढला नाही. ठरवून नाही. हाताला इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप थांबला. प्लगवर बोटं ठेवून त्याने हाक दिली.

"आता?"

"गेली," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो. गेली. या आता बाहेर, चहा टाकते."

तो तसाच पालथा पडून राहिला. गार फरशी गालाला बरी वाटत होती. गेली म्हणाली. काही न काढता गेली म्हणाली. म्हणजे नव्हतीच. म्हाताऱ्याचा नियम, पास आणि नापास, हिचा तर चक्क भास निघाला! त्याच्या अंगातून इतकी मोठी सुटका वाहत गेली की डोळ्यांत पाणी आलं. कान शाबूत होते. यंत्र शांत होतं, घर शांत होतं, उद्या बाईंची खोलीही शांत असणार होती. बायका काय, एकटं राहून राहून काहीबाही ऐकतात. मुलगी काय, पोरांना निमित्त मिळालं की शिट्टी ऐकू येते. मालक हात जोडेल, गाडी चालू होईल, आणि तो घरी येऊन खुर्चीत बसेल. त्याने एवढं सगळं फरशीवर पडल्या पडल्या रचलं. आणि उठून बसता बसता ते 'गेली' त्याच्या कानात पुन्हा वाजलं. त्याचा शब्द नव्हे, सूर. शेवटी किंचित खाली उतरणारा, कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवावा तसा. हा सूर त्याने याआधी ऐकला होता. तिने तो त्याला करून दाखवला होता, नव्या संसाराच्या दिवसांत, डोक्यावर नसलेला हेडफोन सावरत. एंगेज आहे.

तो टीव्हीच्या बाजूने नुसतं डोकं काढून खोलीत बघत राहिला. तिला वाटत होतं तो अजून मागेच आहे. ती खुर्चीतून उठली नव्हती. डाव्या कानाच्या पाळीवर तिने बोट दाबून धरलं होतं, भुवया आवळल्या होत्या, आणि दात दुखणारा माणूस करतो तसं तोंड झालं होतं. शिट्टी वाजत होती. त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत वाजत होती, आणि त्याला ती फक्त बायकोच्या तोंडावर दिसत होती.

"मी प्लग काढलाच नव्हता," तो म्हणाला.

तिने बोट खाली घेतलं. कोरी फेरी तिला माहीत होती, सगळे किस्से तिने चहाबरोबर ऐकलेले होते. "माझीही कोरी फेरी घेतलीत?" ती म्हणाली. रागाने नाही. तिला हसू येत होतं का रडू, हे तिलाही ठरवता येत नसावं. "सवयीने घेतली गेली गं." "कळलं." "तू गेली का म्हणालीस?" "दमलात किती ते बघा. शर्ट बघा जरा. तास झाला घरभर रांगताय," ती म्हणाली, "आणि उद्या तिकडे जायचंय तुम्हाला. म्हटलं, आजचा दिवस तरी बरा जाऊ दे."

यातले काही शब्द त्याला ऐकू आले आणि काही तिच्या ओठांवरून जुळवावे लागले. हे जुळवणं आपण कितीतरी दिवस करतोय हेही त्याला तेव्हाच कळलं. "तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "मायक्रोवेव्ह वाजून वाजून थकतो," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्या समोर उभे राहून मला विचारता, गरम झालं का गं? मग मला नाही तर कुणाला ठाऊक होणार?" त्याला हसू आलं. मग आलं तसं गेलं. या घरात खोटं बोलणाऱ्यांची काही कमी नव्हती, पण तिने खोटं बोलून त्याला झोप द्यायचा प्रयत्न केला होता आणि त्याने खोटं बोलून एका शाळकरी पोरीला इतके दिवस कानांवर हात ठेवायला लावलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज वाटली.

"डोळे मीट," तो म्हणाला, "आणि आता काही बोलू नकोस. मी विचारणारही नाही."

एकच वस्तू राहिली होती, आणि तिच्याकडे त्याने सकाळपासून बघितलंही नव्हतं. ॲम्प्लिफायरच्या खाली ठेवलेली, वीज गाळून स्वच्छ करणारी काळी पेटी. दुकानात तिला गाळणी म्हणत. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मालकाने ती त्याला समारंभाने दिली होती, वर सोनेरी अक्षरं, पुढे विजेचा दाब दाखवणारे हिरवे आकडे. तेव्हापासून घरातली गाण्याची सगळी यंत्रं तिच्यातूनच जेवत होती. तीच डॉक्टरीणबाईंकडेही त्याने आग्रहाने बसवली होती, आणि तिथल्या फेरीत तिचा प्लग काढून बघावं असं त्याला सुचलंही नव्हतं. राखणदारावर कोण संशय घेतं? त्याने यंत्रं बंद केली, प्लग गाळणीतून काढून थेट भिंतीत लावले आणि पुन्हा चालू केली. गाळणी एकटीच भिंतीला लावलेली राहिली, हिरवे आकडे दाखवत. मग तो बायकोच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला, गाळणीची तार हातात घेतली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत तार ओढली.

तिचे खांदे खाली आले. इतकंच, पण केवढे खाली आले! आपण ज्याला तिची उभं राहायची ढब समजत होतो तो किती दिवसांचा ताठा होता, हे त्याला दिसलं. भुवया सुटल्या, तोंड सैल पडलं, श्वास लांब झाला. त्याने तार परत लावली. खांदे वर. काढली. खाली. हिरव्या आकड्यांच्या त्या टीचभर पाटीला चालवणारा काहीतरी फुटकळ भाग आत किंचाळत होता, आणि त्याची किंचाळी भिंतीतून, तारांतून, एक-शून्यांच्या रांगेला धरून थेट स्पीकरपर्यंत येत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आयुष्यात त्याने शोधलेला हा सगळ्यात अचूक दोष होता आणि तो त्याने शोधला होता बायकोच्या खांद्यांवरून. कानांचा त्यात काडीचा भाग नव्हता.

"उघडू?" तिने विचारलं. "उघड." ती खोलीभर नजर फिरवत राहिली, जणू खोली बदलली होती. बाल्कनीचं दार उघडंच होतं. बाहेरून त्याच्यापर्यंत गाड्यांची एक जाड गरगर तेवढी येत होती. नव्या इमारती उठल्यापासून पाखरं गेली, असं तो शेजाऱ्यांना सांगत असे; तळमळीने सांगत असे, आणि शेजारी माना डोलावत. "एक विचारू?" तो म्हणाला. "पाखरं आहेत का गं अजून?"

या वेळी काय सांगायचं हे ती ठरवत होती, हे त्याने पाहिलं. "आहेत," ती म्हणाली. "सगळी?" "सगळी आहेत. सकाळी नुसता बाजार भरतो." त्याने मान हलवली. एवढ्या सकाळी त्याच्या डोक्यावरून गेल्या होत्या आणि आता त्या मागायच्या कुणाकडे? ती चहा टाकायला उठली नाही, खुर्चीतच बसून राहिली.

मग त्याने खिशातून फोन काढला. डॉक्टरीणबाईंचा नंबर समोर आणला आणि नुसताच बघत राहिला. उद्या जाऊन बोलता आलं असतं. परवा बोलता आलं असतं. मालकाला आधी सांगावं, की कुणालाच सांगू नये, नुसती गाळणी काढून आणावी आणि म्हणावं, झालं, शांत आहे? तेही चाललं असतं. दोष तर मिळाला होता, मग कान कुणाचा होता ते कोण विचारतंय? विचार करूनसुद्धा दमायला होतं हे त्याला नवीन नव्हतं. फोनचा पडदा काळा झाला. त्याने तो पुन्हा उजळला.

"द्या इकडे," बायको म्हणाली. "मी लावून देते."

तिने फोन कानाला लावला, पाठ ताठ केली, आणि त्याला आठवत होता तोच आवाज, धुतल्यासारखा, तिच्या तोंडून आला. "नमस्कार. डॉक्टरीणबाईच ना? थांबा हं, एक मिनिट." आणि त्याच्या हातात फोन देत, आज जरा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "बोला. लाइनवर आहेत."

"बाई," तो म्हणाला. "तुमच्याकडची शिट्टी खरी आहे. भास नाही. ती कशाने येते ते मला सापडलंय, उद्या येऊन काढून टाकतो. पण मी आलो की मधल्या खुर्चीत तुमच्या मुलीला बसवायचं. ती गेली म्हणाली तरच गेली." पलीकडे बाईंनी काहीतरी विचारलं. का, असं असावं. त्याने बायकोकडे बघितलं.

"मला तो आवाज ऐकू येत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

लाइन जुळली की ऑपरेटरने कान काढून घ्यायचा असतो. ती खुर्चीतून उठून त्याच्याजवळ जमिनीवर आली आणि फोनच्या दुसऱ्या बाजूला आपला कान लावून बसून राहिली.